सिरॅमिकच्या दाढेतली कीड

मंगळवारी धानोऱ्याच्या शिवारात दोधू महाराजांच्या मांडवाखाली पाय ठेवायला जागा नव्हती. कोणाचा गाल सुजलेला, कोणी जबड्याला उपरणं बांधलेलं. पाण्याच्या परातीत तापलेली पळी, पळीत चिमूटभर औषध, त्यावर भोक पाडलेलं पालथं मडकं. रोगी वाकून भोकातली धुरी तोंडात घेई. मग महाराज मडकं उचलत, आणि पाण्यात पांढऱ्या किडी तरंगताना दिसत. बायका तोंडाला पदर लावत, पुरुष माना डोलावत. सगळ्यांत जोरात मान डोलावत होते रनाळ्याचे चुडामण पाटील सर. विज्ञानाचे निवृत्त शिक्षक, आणि अंधश्रद्धेवर पंचक्रोशीत भाषणं ठोकणारे.

सर इथवर कसे घसरले, तेही सांगायला हवं. ऊस सोलताना त्यांच्या दाढेवरची सिरॅमिकची कॅप निखळून हातात आली. खरं तर ऊस दातांनी सोलू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण तापीकाठच्या माणसानं ऊस काय सुरीनं सोलायचा? नंदुरबारच्या डॉक्टर निशा म्हणाल्या, कॅपखालचा दात किडायला लागलाय, घासून साफ करू आणि नवी कॅप बसवू. घासायचं म्हणजे मशीन, हे कळताच सर खुर्चीतून उठले. त्यातून निशा त्यांचीच विद्यार्थिनी. जिला वर्गात धीटपणा शिकवला, तिच्यासमोर ओरडायचं कसं? विचार करतो, असं पुटपुटत सरांनी निखळलेली कॅप पुडीत बांधून खिशात टाकली आणि पुढच्या मंगळवारी ‘केवळ निरीक्षणासाठी’ धानोरा गाठलं.

निरीक्षण फारच मनापासून झालं. धुरी घेतली, किडी निघाल्या, महाराजांनी दाढेत कापसाचा बोळा ठेवला आणि ठणका थांबला. सरांनी त्या किडी बाटलीत भरून गावभर मिरवल्या. घरात चांगलं भिंग होतं. सर त्यानं रोज पेपरातलं शब्दकोडं सोडवत. पण ते बाटलीवर धरावं, असं काही या विज्ञानाच्या मास्तरला सुचलं नाही.

इथवर नुसतं हसू होतं. पण नात रुचिकाच्या दाढेला भोक पडलं होतं. ही दाढ दुधाची नाही, लवकर भरली नाही तर कायमची जाईल, असं डॉक्टर निशांनी निक्षून सांगितलं होतं. सरांनी दाढ भरायला घेतलेली वेळ परस्पर रद्द केली आणि पोरीला घेऊन मांडवात आले. शोभाबाई भिंग पिशवीत टाकून नवऱ्याच्या मागोमाग निघाल्या.

“चार गावले तुम्ही भाषण करतस,” त्या म्हणाल्या, “अन् आते पोरले आठे लई उनात.”

महाराजांची टकळी चालूच होती. “इंजेक्शन नई, मशीन नई. मंतर म्हणसू, धुरी देसू, कीड आपोआप खाले पडी.”

रुचिकानं मात्र तोंड घट्ट मिटून घेतलं. सरांनी समजूत घातली, शेवटी डोळे वटारले. तेव्हा ती म्हणाली, “आबा, तुम्हीच सांगतस ना, एक रोप उन्हात ठेवानं, एक अंधारात. पहिले तुमनी कॅपले धुरी द्या. ती ते मातीनी शे.”

सर खूश झाले. सिरॅमिकमधून कीड निघणार नाही, म्हणजे महाराज खरे ठरतील आणि पोर तोंड उघडेल, असा त्यांचा हिशेब. महाराज म्हणाले, निर्जीव वस्तूला धुरी देत नसतात, देव कोपतो. घाबरू नका, तुमचंच खरं होणार आहे, असा उलट सरांनीच त्यांना धीर दिला. महाराजांच्या बटव्यातलं औषध स्वतः पळीत टाकलं, मडकं पालथं घातलं आणि खिशातली कॅप भोकावर धरली. मग मडकं उचललं.

पाण्यात किडी तरंगत होत्या, चांगल्या टपोऱ्या.

शोभाबाईंनी पिशवीतून भिंग काढून पुढे केलं. सरांनी एक कीड बोटावर घेतली. तिला डोकं नव्हतं, आणि शेपटीला बियाचं तपकिरी टरफल चिकटलं होतं. सरांनी ओळखलं. ही तर भुईरिंगणी, बांधावर माजणारं काटेरी झुडूप. महाराजांचं औषध म्हणजे तिचंच बी. ते तापलं की फुटतं, आतला वळलेला पांढरा कोंब पाण्यात पडतो. मग बोळा? महाराज ज्यात बोळा भिजवत, ती बाटली त्यांनी हुंगली. लवंगेचं तेल. त्यानं दात बधिर होतो, कीड तिथेच राहते.

महाराज बटवा आवरू लागले. लोक सरांकडे पाहत होते, आणि सरांना जमीन दुभंगली तर बरं वाटलं असतं. तरी ते उभे राहिले. “मशीनची भीती वाटली म्हणून मी आठे उनू,” ते म्हणाले. “भीती वाटाले लाज नई. पण भीतीपायी मी डोळा मिटी लिनात, अन् या पोरनी दाढ घालवतू. तुमनं दुखस ते डॉक्टरकडे जा. अन् कोनी चमत्कार दाखाडा ते पहिले हाई पोर करस तसं करी दखा.”

त्याच दुपारी रुचिकाची दाढ भरून झाली. ती खुर्चीत हूं की चूं न करता पडून होती. मग सर बसले. डॉक्टर निशांनी आधी नुसता आरसा उचलला, तर सर ओरडले.

“आबा,” रुचिका त्यांचा हात धरून म्हणाली, “मशीन आजून चालूच नई करेल.”