कावळ्यांच्या ओळखीचा माणूस

साल होतं एकोणीसशे चौऱ्याहत्तर. हे कोपऱ्यावरून घराकडे वळले की राखाडी मानेचे दोन कावळे यांच्या डोक्यावर झडप घालत. मागून आणखी पाचसहा ओरडत येत. हे डोक्यावर पिशवी धरून घरात शिरायचे.

समोरचा शिंपी म्हणायचा, "वहिनी, दादांनी कुणाची तरी सोयरीक मोडलेली दिसते."

मला हसू येईना. हे वीज मंडळात वायरमन. आदल्या वर्षी खांबावरून पडून कंबर मोडून घेतली होती. पुन्हा पडलात तर अंथरुणाला खिळाल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हापासून ऑफिसात बसून तक्रारींचे फोन घेतो, असं हे सांगत. मग फोन घेणाऱ्यावर कावळ्यांचा एवढा राग कशाला?

विणीचे दिवस होते. कावळे काड्यांत तारांचे तुकडे गुंफून खांबांवर घरटी बांधत आणि गल्लीचे दिवे जात. ती उतरवायला कुणाला तरी चढावंच लागे, एवढं मलाही ठाऊक होतं.

विचारलं तर म्हणाले, खाकी शर्टाचा राग असेल. बरं, म्हटलं. दुसऱ्या दिवशी खाकी शर्ट धाकट्या भावजींना घालायला लावला, यांना पांढरा दिला. भावजी कोपऱ्यापर्यंत जाऊन शीळ घालत परत आले. यांच्या टाळूतून मात्र रक्त आलं.

जखम पुसता पुसता मी म्हटलं, "कावळे शर्ट नाही, तोंड ओळखतात. खांबावर चढता ना?"

यांनी मग सांगितलं, फोनची खुर्ची केव्हाच दुसऱ्याला मिळाली. चढायचं नसेल तर घरी बस, असं साहेबांनी ऐकवलं होतं.

"पिल्लं असली तर घरटं उचलून झाडावर ठेवतो गं," हे हळूच म्हणाले. "एकात कोकिळेचं पोर होतं. तेही ठेवलं."

"आणि तुम्ही पडलात तर तुम्हाला कुणी उचलून ठेवायचं?"

भावजी दारातच उभे होते. पुढच्याच महिन्यात यांच्या जागी ते लागले, आणि निवृत्तीपर्यंत कावळ्यांच्या टोचा खात राहिले. शिंपी मुलाकडे परगावी गेला. यांनी घरीच पंखे दुरुस्त करायला घेतले. रोज संध्याकाळी मी यांचे तळवे उलटून पाहायची, भावजींच्या मदतीला चोरून चढून खांबाचा गंज लागलाय का म्हणून. हे मुकाट्याने हात पुढे करायचे.

यांनी शेवटचा श्वास घेतला तो म्हातारपणी, दवाखान्यात, अंथरुणातच. नर्सने यांचा हात माझ्या हातात दिला, तेव्हाही मी आधी तळवा उलटून पाहिला. स्वच्छ होता.