काळे पडलेले सम्राट

इंग्लंडमधल्या रीडिंग शहराच्या कम्युनिटी हॉलमध्ये रविवारी दुपारी दोनशे माणसं श्वास रोखून एका वाडग्याकडे बघत होती. त्यातली निम्मी सॉफ्टवेअरमधली, आठवडाभर दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेणारी.

रजतनाथ महाराजांनी माझ्या दिवंगत वडिलांच्या संग्रहातलं रोमन नाणं चिमटीत धरून उंचावलं. चांदीतला सम्राट हेड्रियन कोळशासारखा काळा झाला होता.

"माताजी, यजमान गेल्यावरच काळं पडलं ना?"

"हो. पाच महिन्यांत, बाराही नाणी," आई म्हणाली.

"त्या मेलेल्या राजांनी त्यांचा आत्मा धरून ठेवलाय. फुल निगेटिव्ह व्हायब्रेशन!"

आईने तोंडावर ओढणी धरली. बाबा हॉस्पिटलमध्ये पहाटे एकटेच गेले. तेव्हापासून ती एकच विचारायची, त्यांना त्रास झाला असेल का? महाराजांनी नेमकं तेच हेरलं होतं.

चकचकीत वर्खाने मढवलेल्या वाडग्यात नाणं पडलं. त्यावर पांढरी विभूती, मग वाफाळतं 'गंगाजल'. फेस आला, सडक्या अंड्यांचा वास सुटला.

"तळमळ बाहेर पडतेय!" महाराज गरजले.

नाणं लख्ख निघालं. टाळ्या पडल्या. उरलेली अकरा 'चाळीस दिवसांच्या अनुष्ठानासाठी' महाराजांकडे राहणार होती. आईने पिशवी पुढे केली.

"थांब, आई."

हॉलच्या किचनमधून मी समोशांच्या ट्रेवरचा फॉइल, खायचा सोडा आणि उकळत्या पाण्याची किटली आणली. "देविका काकू, तुमचं पैंजण द्या."

"अगं मालविका, काळं पडलंय ते!"

"म्हणूनच."

तोच फेस, तोच वास. पैंजण पांढरंशुभ्र.

"महाराज, यात कोणाचा आत्मा होता?"

"ज्यांनी दिलं, त्या दिवंगत व्यक्तीचा," ते ठासून म्हणाले.

"सासूबाईंनी दिलंय," काकू म्हणाल्या, "पण त्या सोलापुरात ठणठणीत आहेत हो! सकाळीच व्हिडिओ कॉलवर भांडल्या माझ्याशी."

हॉल खदखदून हसला. महाराज माइकमध्ये 'श्रद्धेची परीक्षा घेऊ नये' असं काहीतरी पुटपुटले. मी सांगितलं, चांदी गंधकाने काळी पडते. गरम सोड्याच्या पाण्यात फॉइलचं ॲल्युमिनियम ते गंधक चांदीपासून सोडवतं; महाराजांचा वर्ख म्हणजे फॉइलच, आणि विभूती म्हणजे सोडा. घाण वास त्याचाच.

आई हसली नव्हती. "मग आधी काळी का नव्हती?"

"आता कुठे ठेवली होतीस?"

"त्यांच्या खोलीत जाववेना. स्वयंपाकघरात माझ्याजवळ असावीत म्हणून... हिंगाच्या रिकाम्या डब्यात."

"हिंगातही गंधक असतं, आई."

"म्हणजे, त्यांना त्रास होत नाहीये?"

"नाण्यांवरून ते कळत नाही. ह्या महाराजांनाही कळलेलं नाही."

आईने पिशवीची गाठ पक्की केली आणि माझा दंड धरला.

माणूस गेल्यावर रडावं, हवं तितकं रडावं. पण त्या दिवसांत कोणी चमत्कार दाखवला, तर तोच प्रयोग आपल्या हाताने करून बघावा. जो करू देत नाही, त्याला घरात घेऊ नये.