चुलीखालचं पाणी

"तिकडं नगं, हितं ठोका की खुंटी," म्हणत बयाबाईनं अर्जुनाला मनगटाला धरून आपल्या अंगणात आणलं आणि तुळशीशेजारची जागा दाखवली. "हितं पानी असंल. माजं मन सांगतंय."

अर्जुनाला हसू आलं. माणसाचं मन नेहमी आपल्याच अंगणात पाणी दाखवतं, हे आटपाडीपासून जतपर्यंतच्या गावांनी त्याला शिकवलं होतं. खुंटी मात्र त्यानं तिथंच ठोकली, कारण मोजणीची रेघ नेमकी त्याच अंगणातून जात होती.

मेढा गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात ही वाडी. पावसाळ्यात वाडीच्या डोक्यावर जमिनीला लांबलचक भेग पडली होती, आणि खालची माती जागेवर राहील की नाही ते तपासायला सांगलीहून भार्गवी मॅडम आल्या होत्या. अर्जुना त्यांचा मदतनीस. जमिनीत ओळीनं लोखंडी खुंट्या ठोकायच्या, तारा जोडायच्या, वीज सोडायची. कोरडा खडक वीज अडवतो, ओली माती तिला वाट देते, आणि त्यावरून खाली काय दडलंय ते पेटीतलं यंत्र सांगतं. असलीच पेटी घेऊन अर्जुनानं उभी हयात दुष्काळी मुलखात पाणी शोधत काढली होती. बापानं पाण्यामागं मेंढरं हिंडवली, यानं पेटी हिंडवली, एवढाच काय तो फरक.

वाडीनं पेटी पाहिली आणि पाणी बघणारे आले असंच धरलं. पेटीला हळदकुंकू लागलं. मॅडम वरच्या भेगेपाशी होत्या. 'आम्ही त्यासाठी आलो नाही' हे सांगायचं काम अर्जुनाचं होतं. पण सवयीनं त्यानंही पेटीला हात जोडले, आणि मग कोण कशाला ऐकतंय? इथं पाऊस धो धो कोसळतो आणि उतारावरून पळून जातो. प्यायचं पाणी बारमास दरीतल्या झऱ्याचं, तेही बायकांच्या डोक्यावरून. असल्या वाडीचा आनंद मोडायला त्याची जीभ उचलली नाही.

दुपारी मॅडमनी त्याला लॅपटॉपजवळ बोलावलं. "अर्जुनाकाका, हे बघा."

पडद्यावर घरांच्या बरोबर खाली गडद निळा पट्टा होता. असला निळा रंग दिसला की अर्जुना पूर्वी पळत सुटायचा. गाव गुलाल उधळायचं, त्याला जेवू घालायचं.

"माती भिजून गच्च झालीय, आणि खाली खडकाला उतार. परत मोठा पाऊस झाला तर सगळं घसरेल."

"लोकांस्नी सांगायचं न्हवं मग?"

"अहवाल आधी जिल्ह्याला जाऊ दे. आपण अर्धवट बोललो तर घबराट होईल. आणि भेग पडल्यापासून रात्री सगळे खाली शाळेत झोपतातच ना."

मॅडमचं चुकत नव्हतं. अर्जुना मुकाट्यानं खुंट्या उपटत निघाला. बयाबाईच्या अंगणात आला तर ती दारात नारळ घेऊन बसलेली.

"हाय न्हवं पानी?"

तो खाली बघून तार गुंडाळत राहिला.

"तुमचं त्वांडच सांगतंय, हाय म्हनून," म्हातारी खुशीत बोलली. "आज काय मी शाळंत जात न्हाई झोपाय. हितंच पडनार, पान्यापाशी. ज्ञानूला फोन लावते. 'आई, पानी असतं तर पुन्याला कशाला गेलो असतो,' म्हनायचं माजं लेकरू. आता ईल बघा."

अर्जुनाच्या हातातली तार तशीच राहिली. पश्चिमेला आभाळ भरून आलं होतं. ही बाई आज इथं झोपणार होती, आणि ते त्यानं जोडलेल्या हातांमुळं. त्याला स्वतःची भयंकर चीड आली.

"मावशी, पानी हाय," तो म्हणाला. "लय हाय. तुमच्या चुलीखाली, दोन परस खोल. दोन मानसं एकावर एक हुबी ऱ्हातील, तेवढंच. पन त्येच पानी डोंगर ढिला करतंय. आमी हिर बघाय आलो न्हवतो. घर सोडाय लागंल, मावशी. आज रातीला तर हितं झोपूच नगा. मी सकाळीच सांगाय पायजे हुतं."

बयाबाई घराकडं वळली. तिनं आत चुलीकडं पाहिलं.

"लगीन हून आले त्या दिशी सासूनं हातात कळशी दिली," ती म्हणाली. "तवापास्नं दरी उतरतीया. आन् पानी हितं बसल्यालं व्हय?"

अर्जुनानं मान हलवली.

"पानी लागलं की नारळ फोडत्यात न्हवं तुमच्यात?"

"फोडत्यात."

"मंग फोडा."

त्यानं नारळ घेतला, पण हात वर होईना. तिनंच तो परत घेतला, पायरीवर फोडला, पाणी उपटलेल्या खुंटीच्या भोकात सोडलं आणि नारळाची एक कवड त्याच्या हातावर ठेवली. मग आत जाऊन वाकळ गुंडाळून, शाळेत न्यायला म्हणून दारात आणून ठेवली.

"बसा. चा घिऊन जावा," ती म्हणाली आणि हंड्यात डोकावली. हंडा रिकामा होता.

"आणा ती कळशी, मी जातो," अर्जुना धडपडत उठला.

"तुमास्नी वाट ठावं न्हाई," म्हणत बयाबाईनं कळशी कमरेवर घेतली आणि ती दरीची वाट उतरू लागली.