वाळूचा राखणदार

मालनकाकी वाळवंटात सहलीला निघाल्या तेव्हा त्यांच्या डब्यात चाळीस वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ होती, आणि डोक्यात एकच प्रश्न होता: इथल्या जागेचा राखणदार कोण?

प्रश्न वेडगळ वाटेल, पण लालबागच्या त्यांच्या चाळीत तो कुणालाच वेडगळ वाटला नसता. अर्धी चाळ मालवण-देवगडकडची. सातबारा कुणाच्याही नावावर असो, जमिनीचा खरा मालक म्हणजे तिथला राखणदार. पांढरे कपडे, हातात काठी, रूप म्हाताऱ्याचं. दिसला तर दिसला, नाही तर नाही. त्याला वाडी दाखवल्याशिवाय, म्हणजे आपल्यातलं थोडं काढून त्याच्यासाठी ठेवल्याशिवाय, उघड्यावर कुणी घास घेत नाही. काकींचे यजमान धोंडू गिरणी बंद पडल्यावर कॉटन ग्रीनच्या एका गोदामावर कामाला लागले, तेव्हा पहिल्या दिवशी भाकरीचा तुकडा आधी फाटकाशी ठेवून मगच जेवले होते. 'आधी पोटोबा, मग विठोबा' हे घाटावरच्यांनी खुशाल म्हणावं.

यजमान जाऊन आता चार वर्षं झाली होती. मुलगा स्वप्नील दुबईत. त्याने आईला दोन महिन्यांसाठी नेलं, आणि दोन महिने संपत आले तसा हट्ट धरला की आता परत जायचंच नाही. लालबागची खोली बंद करू, तू इथेच राहा. सोमवारी त्याचे कागद भरायचे होते. काकींना खरं तर भीती वाटत होती. एकटं राहण्याची आणि खोलीला कुलूप लागण्याची, दोन्हींची सारखीच. म्हणून त्यांनी "कौल घेवन सांगतंय" म्हणत वेळ मारून नेली होती.

गावचा देव तर समुद्रापलीकडे राहिला. पण ज्याच्या जमिनीवर कायमचं राहायचं, त्यालाच विचारलं तर काय बिघडलं? बिऱ्हाड करताना घरमालकाला विचारतोच की आपण. विसाव्या मजल्यावर काकींना राखणदार काही सापडला नाही. लिफ्टमध्ये तर तो असणंच शक्य नव्हतं. त्यामुळे शनिवारच्या सहलीची त्या डोळ्यांत प्राण आणून वाट बघत होत्या.

शहर संपलं, रस्ता संपला, आणि स्वप्नीलने गाडी थांबवून चारही चाकांतली हवा सोडायला घेतली.

"अरे, चांगली हवा कित्याक काढतंस?" काकी काच खाली करून ओरडल्या.

"वाळूत रुततं गं. हवा कमी असली की चाक पसरतं."

काकींना हे फार आवडलं. वाळूवर टेचात गेलं की रुतायचं, आणि नमून गेलं की पार. पण लगेच पुढचे प्रश्न तयार होते. इथे पाखरं पाणी कुठे पितात? ही डोंगराएवढी वाळू रोज जागा बदलते, तर मग हद्दीची भांडणं कशी करतात? दहा वर्षांची नात इरावती फोनमध्ये बघून उत्तरं देत होती. हद्दीचं मात्र फोनलाही सांगता येईना.

"आणि हंयचो राखणदार कोण?"

"आई, इथे म्युनिसिपालिटी आहे," स्वप्नील म्हणाला. "कचरा टाकला तर दंड करते. तीच तुझी राखणदार."

सून मेघनाने चटई अंथरली, स्वप्नीलने शेगडी पेटवली. आजूबाजूला वीसेक कुटुंबं होती, काहींनी तंबू ठोकले होते. कुणी पतंग उडवत होतं, कुणी पोरांना पाटावर बसवून वाळूवरून खाली सोडत होतं. थंडीतला शिवाजी पार्कचा रविवारच जणू, फक्त गवताच्या जागी वाळू. काकींनी कागदी द्रोणात दोन वडे आणि उसळ घेतली, इरावतीचं बोट धरलं आणि वाळूच्या टेकाडामागे गेल्या. तिथे एकच झाड होतं. इतक्या रखरखाटात हिरवं राहिलंय म्हणजे मालकाचंच असणार, असा त्यांनी हिशेब लावला.

द्रोण बुंध्याशी ठेवून त्यांनी डोळे मिटले.

"बा म्हाराजा! जो कोण हंयचो राखणदार असशीत, ही वाडी गोड मानून घे. माजो झील माका हंय ऱ्हव म्हणता. ऱ्हवाक होया काय नको, काय तो कौल दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" इरावती म्हणाली. गाऱ्हाण्याला एवढी साथ द्यायची असते, हे आजीने तिला गाडीतच शिकवलं होतं.

काकींनी डोळे उघडले आणि इरावतीला मागे ओढलं. टेकाडावरून एक म्हातारा उतरत होता. पायघोळ पांढरा अंगरखा, पांढरी दाढी, हातात काठी. तो सावकाश झाडापाशी आला. द्रोणाकडे पाहिलं, काकींकडे पाहिलं, हसला. मग बुंध्याशी टेकून बसला, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटला आणि वडा मोडून उसळीत बुडवला.

"आजी," इरावती कुजबुजली, "ते शेजारच्या तंबूतले आजोबा आहेत. त्यांना वाटलं, आपण त्यांच्यासाठी आणलंय."

"गप! वाडी पावली."

म्हाताऱ्याने दुसरा घास घेतला आणि विचारलं, "बंबई?"

राखणदार हिंदी बोलतो हे काकींना त्यांच्या सासूने कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी नुसती मान हलवली.

"बंबई हम जानता. छोटा था, बाप के साथ लाँच में जाता था. खजूर लेके. भायखला, मस्जिद बंदर, सब देखा."

आता काकींना कळलं की हा हाडामांसाचा माणूस आहे. जरा खट्टू झाल्या, पण कुतूहल काही स्वस्थ बसू देईना. त्यांनी आपली लालबागची हिंदी काढली. "बाबा, ये जगह किसका हय?"

"हमारा." म्हातारा हसला. "इधर मेरा घर था. वो बाजू कुआँ था. ये झाड मेरी माँ का टाइम का."

"मग अब्बी किधर रहता?"

"बेटा के पास. शहर में, बडा बिल्डिंग. बेटा अच्छा है. बहुत अच्छा." काठीच्या टोकाने त्याने वाळूत एक रेघ ओढली, कदाचित उंबरा असेल कुठला तरी. "हर शनिवार इधर लाता है. खाता, बैठता, फोटो निकालता, शाम को वापस. अपने घर पे पिकनिक करता हूँ, बहन."

काकींना लालबागची खोली दिसली. कुलूप काढून तासभर बसायचं, गॅलरीत उभं राहून फोटो काढायचा, आणि शेजारणींनी पाहुणीला देतात तसा कपबशीतून चहा द्यायचा. इथे राहू की नको, ते त्यांनी विचारलंच नाही. इरावतीला पिटाळून आणखी चार वडे मागवले आणि म्हाताऱ्याने ते संपवेपर्यंत त्याच्याजवळ बसून राहिल्या.

परत आल्या तेव्हा स्वप्नील शेगडीवर कोंबडी भाजत होता.

"मग? दिला का तुझ्या राखणदाराने कौल?"

"दिल्यान."

"काय म्हणाला?"

"झील बरो आसा म्हणालो. खूप बरो आसा."

स्वप्नील खुशीत हसला. "म्हणजे राहतेस ना?"

"नाय रे, झिला. माजी खोली बंद करू नको." काकी चटईवर बसल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "गेल्या वर्साक गणपतीक इलस, तेव्हा परळच्या हॉटेलात उतरलस. खोलीत एसी नाय म्हणान. आरतीक इलस, फोटो काढलस, गेलस. तसा नको. तुमी येवा, पण सहलीक नको. घराक येवा."

स्वप्नीलच्या हातातला चिमटा तसाच राहिला, कोंबडी एका बाजूने करपली. मालवणी तो शाळा सुटल्यापासून बोलला नव्हता. ऑफिसात नाही, घरात नाही, आईशीसुद्धा नाही.

"येतंय, आये," तो म्हणाला.