चौघांचे ताट

मित्रांनो, माझ्या काठावर ज्याचे नाव कोरलेले आहे, तो माणूस माझ्यातून एक घासही जेवला नाही. मी घडले तेव्हा त्याला जाऊन चाळीस दिवस झाले होते. मी श्रीनगरच्या काठबल मोहल्ल्यातली एक जुनी त्रामी आहे. त्रामी म्हणजे तांब्याचे मोठे पसरट ताट. आमच्याकडे लग्नाच्या जेवणाला एकेकाचे ताट वेगळे वाढत नाहीत. त्रामीत भाताची रास घालतात, भोवती चौघे बसतात आणि प्रत्येक जण आपापल्या बाजूने जेवत आत येतो.

काठावरचे नाव सोनाउल्ला रफूगराचे. जुन्या शालींची भोके तो अशी भरायचा की मालकालाही ती पुन्हा सापडत नसत. छातीत पाणी होऊन तो गेला तेव्हा त्याची बायको झूना अठ्ठावीस वर्षांची होती. माहेरून आलेले तांब्याचे दोन हंडे उचलून ती अहद तांबटाच्या दुकानात गेली. हे घ्या आणि बदल्यात एक त्रामी करून द्या, नवऱ्याच्या नावाने मोहल्ल्याला द्यायची आहे, असे तिने सांगितले.

"पोरी, आईनं दिलेले आहेत. एक तरी ठेव," अहद म्हणाला.

"आता घरात पाणी पिणारं आहे कोण, चाचा? मी आणि हातभर पोरगी. एक घागर पुरते."

"बरं. नाव तळाला घालतो. सगळे तळालाच घालतात."

"तळाकडे कोण बघतं? काठावर घाला. जेवणाऱ्याच्या बोटांना लागलं पाहिजे."

अहदने पत्रा भट्टीत लाल केला, ठोकून खोलगट केला, पुन्हा लाल केला. मठारण्याचे काम चार दिवस चालले. नक्षी करणाऱ्याने काठावर चिनारची पाने काढली आणि पानांच्या मधोमध ते नाव कोरले. शेवटी कलई झाली आणि मी आतून चांदीसारखी उजळले. एका शुक्रवारी झूनाने मला मशिदीलगतच्या भांड्यांच्या खोलीत नेऊन ठेवले. तिथे एकोणचाळीस त्रामी आधीच होत्या. प्रत्येकीवर कोणा ना कोणा गेलेल्याचे नाव होते. मी चाळिसावी.

खोली सांभाळायचा हबीबुल्ला. सारा मोहल्ला त्याला हबला म्हणे, पुढे वय झाल्यावर हबकाक म्हणू लागला. दिवसभर तो टपाल कचेरीत पत्रे वेगळी करी आणि उरलेल्या वेळात आमची उस्तवार करी. लग्न ठरले की घरचे लोक त्याच्याकडे येत, तो दार उघडी, मोजून भांडी देई आणि मोजून परत घेई. भाडे नव्हते. परत आलेली भांडी राखेने घासून लखलखीत असली पाहिजेत, एवढीच अट. आम्हाला तो काठावरच्या नावांनी ओळखायचा आणि घासता घासता आमच्याशी बोलायचा. "काय रफूगर, काल कोणाकोणाला जेवू घातलंस?" मला विचारायचा. मोहल्ल्यातल्या बऱ्याच गोष्टी मला त्याच्या या बोलण्यातूनच कळल्या.

मित्रांनो, माझ्या उमेदीची वर्षे फार चांगली गेली. माझ्याभोवती कोण चौघे बसतील याचा नेम नसे. दंडाधिकारी कचेरीतला साहेब आणि त्याच्या समोर भिंती रंगवणारा, असे कितीदा झाले. एकदा दोन भाऊ बसले होते, जमिनीवरून नऊ वर्षे न बोललेले. आचाऱ्याने रिस्ते, म्हणजे रश्श्यातले मांसाचे गोळे, वाढले तेव्हा धाकट्याने न बोलता एक गोळा थोरल्याच्या बाजूला सरकवला. थोरल्याने तो खाल्ला. बोलले तरीही नाहीत. पण मी तिथे होते, मी पाहिले. जेवणाऱ्यांपैकी कोणीतरी बोटांना नाव लागले की वाचायचा, आणि गुश्ताबा हा शेवटचा पदार्थ संपवून उठताना सोनाउल्लासाठी दोन शब्द पुटपुटायचा. झूनाला एवढेच हवे होते.

असे चाळीस वर्षांहून अधिक चालले. मग तांब्याचा भाव वाढू लागला.

मोहल्ल्याच्या कमिटीचा चिटणीस मुदस्सिर हा बँकेत नोकरीला असलेला हुशार आणि सरळ मुलगा. त्याच्याविषयी मला वाईट बोलायचे नाही. एका शुक्रवारी नमाज झाल्यावर कमिटी आमच्याच खोलीत बसली. मुदस्सिरने मोबाइलवर एक चढती रेघ सगळ्यांना दाखवली.

"विजेवर चालणाऱ्या गाडीला साध्या गाडीच्या तिप्पट-चौपट तांबं लागतं," तो म्हणाला. "उन्हावर वीज करणारी ती पॅनेलं, पवनचक्क्या, कॉम्प्युटरची मोठमोठी कोठारं, सगळ्यांना तांबं हवंय. खाण काही एका वर्षात खोदून होत नाही. भाव वरच जाणार. हबकाक, तुम्हाला वाटतं तुम्ही भांडी सांभाळताय. तुम्ही तिजोरी सांभाळताय."

"म्हणजे इतकी वर्षं मी तिजोरीत बोटं घालून जेवलो म्हणायचं," गफार नानवाई म्हणाला. कोपऱ्यावरची रोटीची भट्टी त्याची. सगळे हसले.

"हसू नका, गफारकाक. प्रत्येक लग्नात भांडं आपटतं, घासलं जातं, कलईला गेलं की झिजतं. थोडं थोडं करून आपण पैसेच धुऊन टाकतोय. दोन-तीन वर्षं बाहेर काढायचंच नाही. भाव दुप्पट झाला की विकू आणि मोहल्ल्याचा स्वतःचा शादीखाना बांधू. स्वयंपाकघरासकट."

"आणि तोवर लग्नं करायची कशात?"

"प्लेटी भाड्यानं मिळतात. जग प्लेटींत जेवतं."

हाजीसाहेब अध्यक्ष होते. त्यांनी हात वर करायला सांगितले. पहिला हात हबकाकचा वर गेला.

मी त्याच्याकडे पाहत होते. आयुष्यभर आम्हाला राखेने घासून त्याच्या नखांत काळे बसले होते, आणि त्या कामाचे मोल कोणी कधी बोलून दाखवले नव्हते. त्या दिवशी 'तिजोरी' हा शब्द ऐकून त्याची पाठ ताठ झाली. हात वर का गेला, ते मला समजले. तरी त्याने तो वर करायला नको होता.

दुसऱ्या दिवशी दाराला नवे कुलूप लागले. चावी हबकाकने अंगातल्या लांब, घोळदार फिरनच्या आतल्या खिशात ठेवली.

त्याच शरद ऋतूत, अक्रोड झोडपण्याच्या दिवसांत, झूना आली. आता ती सत्तरीच्या पुढे होती आणि सगळे तिला झूनादेद म्हणत. नात मसरतचे लग्न ठरले होते. खोलीच्या पायरीवर ती हबकाकशी बोलली आणि बंद दारातून मला सगळे ऐकू आले.

"दहा त्रामी पुरतील, हबला. लहानसंच लग्न आहे. मात्र रफूगराची त्यांत असू दे. तिच्याभोवती नवरदेव बसेल."

"झूनादेद, सध्या बंद आहे."

"चावी हरवली काय?"

"चावी आहे. कमिटीनं ठरवलंय. भाव चढतोय ना. सगळं विकून शादीखाना बांधायचाय, आपल्या सगळ्यांसाठीच."

"शादीखाना कधी होणार?"

"तीनेक वर्षांत."

"मसरतचं लग्न पुढच्या महिन्यात आहे," झूना म्हणाली. "तिला सांगू का तीन वर्षं थांब म्हणून?"

"भावाचं काय आहे, देद, आत्ता एका किलोला..."

"भाव विचारायला मी तांबटाकडे गेले असते. मी तुझ्याकडे आले."

नियम सगळ्यांना सारखा, एकाला उघडले तर उद्या दुसरा येईल, असे काहीतरी हबकाकने सांगितले. खोटे नव्हते ते. झूना पायऱ्या उतरून गेली. तिच्या चपलांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत मी ऐकला.

लग्नानंतर दोन दिवसांनी तो दार उघडून आत आला. आम्हाला मोजायचे निमित्त होते. मोजले काहीच नाही. बसला आणि माझ्याकडे पाहून बोलू लागला.

"टेबलं मांडली होती, रफूगर. एकेकाची प्लेट, पांढरी, चिनी मातीसारखी दिसणारी. पण होतं प्लास्टिक. जेवण चांगलं होतं. माझ्या शेजारी गफार. तो म्हणतो, हबकाक, आज तुझ्या बाजूचं मांस पळवायला हात पुरत नाही. हसलो मी. सगळे भराभर जेवले आणि उठले. झूनादेद येऊन विचारून गेली, पोटभर झालं ना म्हणून. चावी माझ्या खिशात होती. बसलो की मांडीला टोचत होती."

मित्रांनो, त्या वेळीही उशीर झाला नव्हता. पुढच्या महिन्यात दुसरे लग्न होते. तो हाजीसाहेबांकडे जाऊन म्हणू शकला असता, माझा हात मी खाली घेतो. गेला नाही. मुदस्सिरला मात्र अधूनमधून विचारायचा, "आज कुठवर आलं?" मुदस्सिर आकडा सांगायचा. आकडा ऐकला की त्याला थोडे बरे वाटायचे.

पहिल्या वर्षी भाव बराच चढला. अजून चढेल म्हणून थांबले. दुसऱ्या वर्षी उतरला, म्हणून थांबले. तिसऱ्या वर्षी पुन्हा चढला तेव्हा सगळे म्हणाले, आता विका. या तीन वर्षांत आमच्यावर कोणी हात फिरवला नव्हता. आम्हाला शेवटची कलई करून बराच काळ लोटला होता. छपरातून बर्फाचे पाणी झिरपे आणि जिथे कलई उडाली होती तिथे हिरवे डाग पडले होते. अशा भांड्यात वाढलेले अन्न माणसाला बाधते. विषच ते.

व्यापारी दुपारी ट्रक घेऊन आला. त्याने एक त्रामी नखाने खरवडली.

"जुना माल. कलईचं कथील आहे, डाग आहे, सांधे आहेत. भंगाराचा दर लागेल."

"अहो, हाताचं काम आहे," हाजीसाहेब म्हणाले. "ही नक्षी बघा."

"नक्षीला वजन नसतं, हाजीसाहेब."

मुदस्सिर मोबाइलवरचा भाव दाखवत राहिला. तो भाव नव्या, शुद्ध तांब्याच्या पत्र्याचा होता. मोहल्ल्याने साठवली होती ती भांडी, आणि भांड्याची घडणावळ विकताना कोणी देत नाही. आमच्या गावात तांबे म्हटले की माणसांच्या डोळ्यांसमोर भांडेच येते. ही चूक आमच्याच लोकांच्या हातून व्हायची होती. जे पैसे आले त्यातून शादीखान्याचे खांब उभे राहिले. पुढचे काम अडले, कारण ठेकेदाराने विजेच्या कामाचा अंदाज वाढवून दिला. तारा महागल्या होत्या. तांबे महागले होते ना.

वजन सुरू होण्याआधी हबकाकने हाजीसाहेबांना विचारून मला बाजूला काढले. माझ्या वजनाचे पैसे त्याने आपल्या पेन्शनमधून भरले. एकीचेच जमण्यासारखे होते. बाकीच्या एकोणचाळीस त्रामी एकीवर एक रचून ट्रकमध्ये गेल्या. त्या खणखणाटाविषयी मी जास्त सांगत नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत तो मला फिरनखाली धरून झूनाच्या दारात उभा राहिला. झूना उन्हाच्या शेवटच्या पट्ट्यात बसून भाजी निवडत होती.

"देद, ही तुमची. परत आणलीय."

तिने हात पुसले आणि मला मांडीवर घेतले. तिला आता कमी दिसत होते. तिची बोटे काठावरून फिरत नावापाशी आली आणि तिथे थांबली.

"फझीच्या मुलाची कुठे आहे?" तिने विचारले. "बुडाला होता तो. तिनं कानातले विकून केली होती."

"ती... दुपारी गेली."

"आणि कादिर तेल्याच्या आईची?"

"तीही."

"तुला बोल लावत नाही, हबला. तू एकट्यानं थोडंच विकलं." तिने मला त्याच्या हातात परत दिले. "पण ही मी घरात घेऊ शकत नाही. दिलेली वस्तू आहे. माझी असती तर मसरतच्या लग्नात मी तुझ्याकडे मागायला कशाला आले असते?"

"मग मी हिचं काय करू?"

"ते मला विचारू नकोस," ती म्हणाली आणि पुन्हा भाजी निवडू लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "बस. चहा पिऊन जा." तो बसला. दोघांनी चहा घेतला.

झूना त्याच हिवाळ्यात गेली. हबकाकने मला कलई करून आणली आहे आणि पुन्हा त्याच खोलीत फळीवर ठेवली आहे. आता मी एकटीच आहे. तो आठवड्यातून एकदा येतो, धूळ पुसतो आणि बसतो. पूर्वीसारखे बोलत नाही. लग्नासाठी मला न्यायला कोणी येत नाही. दोनशे पाहुण्यांच्या लग्नात एका त्रामीचे काय करायचे?

मित्रांनो, तांब्याची तार होते, ती गाडीत बसते, तिच्यातून वीज धावते, हे मला ठाऊक आहे. माझ्या बहिणी आज कुठेतरी असे काम करत असतील तर मला त्यात कमीपणा वाटत नाही. तारही राबतेच. वाईट वाटते ते त्या तीन वर्षांचे. सगळ्या आयुष्यात माझी किंमत सर्वांत जास्त होती ती त्याच काळात, आणि त्याच काळात मी एकाही माणसाला जेवू घातले नाही. तुमच्या घरी अशी एखादी वस्तू असेल, जिचा भाव रोज वाढतो आहे, तर ती खुशाल जपा. पण तिला कामावरून काढू नका. तिला घासा, पुसा, मागणाऱ्याला द्या, परत आली की पोचे मोजत बसू नका.

आणि एक विनंती. कधी काठबल मोहल्ल्यात आलात आणि तुम्ही चौघे असलात, लग्न नसले तरी चालेल, साधा भात आणि हाकाची पालेभाजी असली तरी चालेल, तर मला घेऊन जा. हबकाकला विचारायचीही गरज नाही. त्याने दाराचे कुलूप काढून टाकले आहे.