कंबरेपर्यंतचं पाणी

"पोरी, नवऱ्याला सांग, साचलेल्या पाण्यात पाठीनं चालू नको म्हणावं," तळमजल्यावरचे काका मला म्हणाले. तेव्हा माझ्या एका हातात ओली छत्री होती, दुसऱ्या हातात लेकीचं दप्तर, आणि लेक जिन्याच्या कठड्याला लोंबकळत होती.

काकांनी बत्तीस वर्षं पालिकेच्या गटार खात्यात काढलेली. आदल्या दिवशी त्यांनी नवऱ्याचं चित्रण टीव्हीवर पाहिलं होतं. "पाणी तुंबलं की आमचीच माणसं झाकणं उघडतात, पाणी खाली जावं म्हणून. शेजारी काठी रोवतात, तिला लाल फडकं बांधतात. पण जोर वाढला की पहिली काठीच वाहून जाते. मग खूण एकच. पाणी जिथं गोल फिरतं, तिथं झाकण नाही. ते दिसायला तोंड तिकडं पाहिजे ना! तुझा नवरा चालतो उलटा."

मी हसले. म्हटलं, "काका, तो कॅमेरामन आहे. गटारात उतरणारा नाही."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिते आहे. या गोष्टीत मला बऱ्याच जणांची लाज काढायची आहे, तेव्हा सुरुवात स्वतःपासून केलेली बरी. काकांनी लेकीला कठड्यावरून उतरवून माझ्याजवळ आणून सोडलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

नवरा ज्या वृत्तवाहिनीत होता, तिथं वादळ-पावसाच्या दिवसांत बातमीदाराची किंमत त्याच्या अंगावर मोजली जायची. घोटाभर पाण्याला अर्धं मिनिट, तेही दुपारच्या पेंगुळलेल्या बातम्यांत. गुडघाभर पाण्याला दीड मिनिट. कंबर भिजली की तासाचा पहिला मथळा. हा नियम कुठंही लिहिलेला नव्हता, त्यामुळं तो मोडायची कुणाची छाती नव्हती. नवऱ्याच्या जोडीला जी बातमीदार मुलगी असायची, ती कंबरेपर्यंतच्या पाण्याखेरीज उभीच राहत नसे, म्हणून अख्खी कचेरी तिला 'कंबर' म्हणायची. "कंबर तयार आहे का? कंबरला जोडा." सव्वीस वर्षांच्या मुलीला भर कचेरीत अशी हाक मारायची, आणि हीच मंडळी संध्याकाळी कोट घालून स्त्रियांच्या सन्मानावर चर्चा घ्यायची.

पाणी तेवढं नसलं तर? तर बसायचं. हे मला नवऱ्यानंच एकदा जेवताना सांगितलं होतं, हसत हसत. गुडघाभर पाण्यात गुडघे टेकले की पाणी बरोबर कंबरेला लागतं. कॅमेरा थोडा खाली धरायचा, आजूबाजूची दुकानं कापायची, की झाला महापूर.

मीही हसले होते. आमच्या घरात या गोष्टीचं कौतुकच होतं. सासूबाई सकाळपासून नात्यागोत्यात फोन लावायच्या. "बाराच्या बातम्या लावा हं. जी मुलगी दिसते ती आमची नाही, ती दाखवतो तो आमचा!" नणंद तिकडून कळवायची, "वहिनी, दादाला सांग, आज हात हलत होता." भर वादळात, फुटलेल्या रस्त्यावर, नऊ किलोचं यंत्र खांद्यावर घेऊन उलटं चालणाऱ्या भावाचा हात हलला, ही तिची तक्रार. आमच्यापैकी एकीलाही असं वाटलं नाही की हात हलतो म्हणजे माणूस घसरतो आहे.

काकांशी बोलणं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळांना सुट्टी होती. हवामानखात्यानं सकाळीच बजावलं होतं. वाहिनीच्या पडद्यावर खाली लाल पट्टी पळत होती, 'नागरिकांनी घराबाहेर पडू नये', आणि त्या पट्टीच्या बरोबर वर त्यांचीच माणसं घराबाहेर उभी होती. नवरा दारात बसून बुटाच्या नाड्या आवळत होता. फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता आणि डेस्कप्रमुख त्यातून बरसत होते.

"अरे, समोरच्यांचा माणूस छातीपर्यंत गेलाय आणि आपली मंडळी अजून बूट सांभाळतायत! लोकांनी काय बघायचं? तुमचे बूट?"

"पोचतो सर, वीस मिनिटांत."

फोन बंद झाल्यावर मी म्हटलं, "तुमच्याच पट्टीत लिहिलंय, बाहेर पडू नका."

"ते लोकांसाठी असतं."

"मग तू कोण?"

"मी दाखवणारा." आणि लेकीच्या डोक्यावर टपली मारून तो उठला.

काकांचं सांगणं मला त्या क्षणी आठवलं. आठवलं नाही असं म्हणून सुटता आलं असतं, पण आठवलं होतं. सासूबाई तिथंच भाजी निवडत बसल्या होत्या. गटारवाल्याचा सल्ला त्यांच्यासमोर काढायची मला लाज वाटली. मी फक्त "जपून" म्हटलं. "जपून" म्हणायला काय लागतं? कोणीही कोणालाही म्हणतं.

बारा वाजून चार मिनिटांनी कंबर पडद्यावर आली. एका बाजाराच्या गल्लीत, गढूळ पाण्यात, खरंच कंबरेपर्यंत. चेहऱ्यावर केस चिकटलेले, माईकला प्लास्टिकची पिशवी. समोरच्या घरातल्या मावशी आमच्याकडं बघायला आल्या होत्या. तेवढ्यात कंबरच्या मागून एक गृहस्थ खांद्यावर गॅसची टाकी घेऊन संथपणे चालत गेले. पाणी त्यांच्या गुडघ्याला.

मावशी म्हणाल्या, "बाई गं, हा माणूस केवढा उंच!"

"उंचवट्यावरून चाललाय तो," सासूबाईंनी ठणकावलं.

डेस्कप्रमुखांनाही तो गृहस्थ दिसलाच. कंबरनं मला नंतर सांगितलं, की तिच्या कानात ते ओरडले, "त्या टाकीवाल्यानं वाट लावली! उठ, पुढं चालत ये, कॅमेऱ्याला म्हणावं मागं घे, अजून मागं, गल्ली मोठी दिसली पाहिजे." इकडं कोरड्या कोटातला निवेदक आर्जवी सुरात म्हणाला, "आम्हाला जरा दाखवाल का, तिथं पाण्याचा वेग किती भयानक आहे?"

म्हणून नवऱ्यानं कॅमेरा फिरवला. दोन सेकंद आम्हाला गल्लीची दुसरी बाजू दिसली, म्हणजे त्याच्या पाठीमागची. बंद दुकानं, कलंडलेली हातगाडी, आणि हातगाडीच्या अलीकडं एक निळी चप्पल आणि एक रिकामी बाटली. त्या वाहत नव्हत्या. एकाच जागी गोल गोल फिरत होत्या.

चित्र परत कंबरकडं वळलं. ती आमच्या दिशेनं चालू लागली, आणि तिचं अंतर मात्र कमी होईना. म्हणजे तो मागं सरकत होता.

मी त्याला फोन लावला. वाजत राहिला. प्रक्षेपणाच्या वेळी फोन गाडीतल्या बॅगेत असतो, हे मला माहीत होतं, तरी लावला. मग डेस्कवर लावला. तिथली मुलगी मला ओळखायची.

"वहिनी, लाइव्ह चालू आहे. ब्रेकमध्ये बोलते."

"त्याच्या मागं झाकण उघडं आहे! थांबवा त्याला! कानात सांगा!"

"कोणाच्या मागं?"

"अगं, कॅमेरामनच्या!"

"कॅमेरामनच्या कानात काही नसतं वहिनी. कंबरच्या कानात असतं."

"मग तिला सांग!"

"तिच्याशी सर बोलतायत," ती म्हणाली. खरंच ते बोलत होते. अजून मागं, अजून मागं.

पडद्यावर आकाश आलं. मग काचेवर पाऊस. मग तपकिरी रंग, मग काहीच नाही.

"अगंबाई, कॅमेरा पडला वाटतं," मावशी म्हणाल्या.

निवेदक म्हणाला, "आपण पाहू शकता, काय थरारक दृश्यं आहेत ही!"

मी फोनमध्ये अजून ओरडतच होते. पुढं कळलं की थेट म्हणून जे आपण बघतो, ते घरी पोचायला काही सेकंद लागतात. म्हणजे ती बाटली मला दिसली, तेव्हाच तिकडं त्याची पावलं मागं पडायला लागली होती. थेट या शब्दावरही विश्वास ठेवू नये, एवढं मला कळलं.

कंबरनं माईक टाकला, धावली, पाण्यात आडवी पडून आत हात घातला. तिच्या हातात कॅमेऱ्यावरचं प्लास्टिकचं आवरण आलं. टाकीवाल्या गृहस्थांनी टाकी फेकून तिचे पाय धरले नसते, तर तीही गेली असती. नवऱ्याला दीड तासानं पुढच्या वळणावरच्या झाकणातून काढलं. काढायला गटार खात्याची माणसं उतरली. त्यांना बाहेर कोणतं झाकण उघडायचं हे दाखवणारे आमचे तळमजल्यावरचे काका होते. बातमी ऐकून अनवाणी धावले होते. "तुला सांगितलं होतं," असं त्यांनी मला आजवर एकदाही म्हटलेलं नाही. म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

त्या दीड तासात वाहिनीनं ते चित्र पुनःपुन्हा दाखवलं. सोबत लाल वर्तुळ, ढोल बडवल्यासारखं संगीत आणि 'फक्त आमच्याकडे' अशी फुशारकी. खाली मथळा, 'लाइव्हदरम्यान कॅमेरा पाण्यात'. कॅमेरा! तो माणूस मेला हे नक्की झाल्यावरच त्यांच्या लेखी तो माणूस झाला, आणि लगेच 'योद्धा'ही झाला. त्याला मधली पायरीच मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी कंबरला त्याच गल्लीत उभं राहायला सांगितलं. ती गेली. एका दुकानाच्या पायरीवर उभी राहिली आणि थेट प्रक्षेपणात म्हणाली, "इथं पाणी गुडघाभर आहे. कालही गुडघाभरच होतं. मी बसले होते. आणि आजपासून मी बसणार नाही." एवढं होईपर्यंत चित्र कापलं गेलं. संध्याकाळपर्यंत तिची नोकरीही. पण त्या पायरीवर तिनं पहिल्यांदा स्वतःचं खरं नाव सांगितलं, म्हणून इथून पुढं मी तरी तिला कंबर म्हणणार नाही.

नवव्या दिवशी डेस्कप्रमुख घरी आले. सोबत नवा कॅमेरामन, पन्नाशीकडं झुकलेला, आजवर सभा-समारंभ टिपणारा. प्रमुख खुर्चीच्या टोकावर बसले.

"वहिनी, दोनच वाक्यं. अभिमान वाटतो, एवढंच म्हणा. छोटीला मांडीवर घेतलंत तर..."

"नाही," मी म्हटलं.

"लोकांना प्रेरणा मिळेल हो."

सासूबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. नऊ दिवसांत त्या कुणाशी धड बोलल्या नव्हत्या. त्यांनी मान वर केली. "तुम्ही त्या दिवशी कुठपर्यंत भिजला होतात हो साहेब?"

प्रमुख खुर्चीत सावरून बसले.

"घोट्यापर्यंत तरी?"

"आई, तसं नसतं हो ते, आम्हाला आत बसून..."

"मला आई म्हणू नका," सासूबाई म्हणाल्या. "आणि मीही काही कमी नाही. मी फोन लावून लावून माणसं बोलावली होती तमाशा बघायला. पण मी रडतेय तरी. तुम्ही कॅमेऱ्याची चौकट बघताय."

खरंच बघत होते. सासूबाई बोलत असतानाच त्यांनी बोटानं नव्या कॅमेरामनला खूण केली होती, मागं घे, दोघी येऊ देत. आणि तो माणूस सवयीनं, डोळा यंत्राला लावून, मागं सरकायला लागला. आमच्या खोलीतून गच्चीत उतरायला पायरी आहे, कठडा बुटका आहे. मी धावत जाऊन त्याचा दंड धरला.

"मागं पायरी आहे."

त्यानं डोळा काढला, मागं पाहिलं. चेहरा उतरला त्याचा. मी विचारलं, "तुमच्या मागं कोण बघतं?"

"कोणी नाही ताई," तो म्हणाला. "सवय होते." मग त्यानं कॅमेरा खाली ठेवला, झाकण लावलं आणि प्रमुखांना न विचारता चपला घालायला लागला.

प्रमुखही उठले. जाता जाता म्हणाले, "आमच्यावर कसले रागावता? लोक बघतात म्हणून आम्ही दाखवतो." एवढं एकच वाक्य त्यांच्या तोंडून खरं निघालं, आणि म्हणून मी हे वर्तमानपत्राच्या पुरवणीला पाठवते आहे. डेस्कप्रमुख पुरवण्या वाचत नाहीत. तुम्ही वाचता. बाराच्या बातम्या लावणारेही तुम्हीच. मीही त्यातलीच होते.

लेक विचारते, बाबा चित्रात का दिसत नाही. तिला काय सांगू? ज्याच्यामुळं आपल्याला सगळं दिसतं, तो कधी कोणाला दिसलाच नाही. तिला मोठी झाल्यावर सांगेन. तुम्हाला मात्र आत्ता सांगते, कारण पुन्हा वादळाचा इशारा आला आहे आणि तो पन्नाशीचा माणूस आज सकाळी कॅमेरा घेऊन निघाला आहे. त्याला घर आहे. नोकरी सोडणं त्याला जमलेलं नाही. कोणत्या गल्लीत त्याला उभं करतील, मला माहीत नाही.

तुमच्या गल्लीत कोणी असा कॅमेरा घेऊन उलटा चालताना दिसला, तर खिडकीतून फोटो काढू नका. खाली उतरा, त्याच्या पाठीमागं जा आणि तिथं काय आहे ते एकदा बघून घ्या.