फिटरला कोणी विचारले?

एकोणीस नोव्हेंबर, दुपारी तीन वाजून दहा मिनिटे. सरकारी रुग्णालयाच्या देखभाल विभागात, कार्यकारी अभियंत्यांच्या टेबलावर एकच फाइल उरली होती. पाचच्या टपालाने ती मुख्यालयाकडे जायची होती.

फाइल बॉयलरखान्यातल्या दादाची होती. सव्वीस वर्षे त्याने बॉयलर सांभाळला. सत्ताविसाव्या वर्षी एका रात्री तो पिऊन कामावर आला आणि झोपला. बॉयलरमधले पाणी उतरले, आणि ते सावरायला धावलेल्या फिटरचा उजवा हात वाफेने भाजला. चौकशीअंती दादा बडतर्फ झाला आणि त्याबरोबर पेन्शनही गेली. पुढे त्याला अर्धांगवायूने गाठले. आता त्याच्या बायकोने अनुकंपा भत्त्यासाठी अर्ज केला होता, कारण घरमालकाने महिनाअखेर खोली रिकामी करा म्हणून बजावले होते.

साहेबांचा शेरा तयार होता : ‘जखमी कर्मचाऱ्याच्या भावना लक्षात घेता अर्ज फेटाळण्यात येत आहे.’ फक्त सही राहिली होती.

“साहेब, एक विचारू?” आस्थापना शाखेच्या अधीक्षक बाई म्हणाल्या. “बडतर्फाला पेन्शन नाही, हे खरंच. पण प्रकरण खास विचार करण्याजोगं असेल, तर पेन्शनच्या दोन तृतीयांशापर्यंत भत्ता देता येतो. तो अधिकार तुमचाच आहे.”

“नियम मला पाठ आहे, बाई. त्या फिटरचा हात बघितलाय का तुम्ही? उद्या कोणत्या तोंडानं त्याच्यासमोर उभा राहू?”

“तो काय म्हणाला?”

साहेबांनी पेनाचे टोपण लावले, पुन्हा काढले. “तो काय म्हणणार? उघड आहे.”

“म्हणजे विचारलेलं नाही.”

साहेब फाइल घेऊन उठले.

बाहेर बाकावर दादाची बायको बसली होती. ती उभी राहिली, पण पाया पडली नाही. “साहेब, त्यांना परत कामावर घ्या असं मी म्हणत नाही. मी साहेब असते तर मीही घेतलं नसतं. पण घरमालकाला दाखवायला काहीतरी कागद हवा. अंथरुणातल्या माणसाला घेऊन जाऊ कुठे?”

साहेब जिना उतरले.

बॉयलरखान्यात उष्मा अंगावर येत होता. फिटर पाइपाचा जोड आवळत होता, पाना डाव्या हातात धरून. उजव्या हाताची दोन बोटे वळतच नव्हती. साहेबांनी शेरा वाचून दाखवला. फिटरने पाना खाली ठेवला.

“या भावना कोणाच्या म्हणायच्या, साहेब?”

“तुमच्या.”

“वा. माझ्या भावना मुख्यालयात निघाल्या आणि मलाच पत्ता नाही.”

“तुमच्यावर अन्याय होऊ नये म्हणून लिहिलं.”

“अन्याय झाला तो त्या रात्री झाला. ती बाई रस्त्यावर आली की माझी बोटं वळायला लागतील का?”

“म्हणजे तुम्ही त्याला माफ केलंत?”

“नाही.” उत्तर इतके थेट आले की साहेब दचकले. “आजही तो राहतो त्या गल्लीतून मी जात नाही. सकाळी शर्टाची बटणं बायको लावते, तेव्हा रोज आठवतो तो मला. पण तो माझा आणि त्याचा हिशोब. त्यात सरकारनं माझं नाव पुढे करून हात धुऊन घेऊ नयेत.”

“पण भत्ता दिला तर बाकीचे म्हणतील, प्या, झोपा, काही बिघडत नाही.”

“नोकरी गेली, इभ्रत गेली, पूर्ण पेन्शन गेली. एवढं बघून कोणाला मोह होईल, साहेब? झोपला तो एका रात्री. त्याआधीची सव्वीस वर्षं वरच्या वॉर्डांना गरम पाणी कोणी पुरवलं? शिक्षा झाली, ती योग्यच झाली. त्या शिक्षेवर आणखी उपासमार चढवायची असेल, तर स्वतःच्या नावानं चढवा. माझ्या नका.”

साहेब बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचनळीकडे बघत राहिले. ज्याच्या दुःखाची ढाल करून आपण इतके कठोर झालो, त्याला साधे विचारायलाही आपण आलो नव्हतो! धास्ती फिटरची नव्हती. लोक काय म्हणतील याची होती.

तिथल्याच लोखंडी टेबलावर त्यांनी शेऱ्यावर आडवी रेघ मारली आणि खाली नवा शेरा लिहिला. पावणेपाच वाजले होते.

“साहेब,” फिटर मागून म्हणाला, “दादांना कळू देऊ नका, मी बोललो म्हणून.”

बाकावरच्या बाईच्या हातात आदेशाची प्रत पडली. तिने ती दोनदा वाचली, नीट घडी करून पदराआड धरली आणि घरमालकाचे दुकान बंद व्हायच्या आत पोहोचायला हवे म्हणून झपाझप निघाली.

वाचकहो, दया म्हणजे माफी नव्हे. अपराध्याला शिक्षा व्हावी, ती पुरती व्हावी. पण ती जिथे संपते तिथे आपणही थांबावे. आणि दुसऱ्याच्या जखमेचे नाव घेऊन कोणाच्या तोंडचा घास काढण्यापूर्वी, ज्याची जखम आहे त्याला एकदा तरी विचारावे.

त्या दिवशीच्या टपालाने गेलेला आदेश दोन ओळींचा होता. बडतर्फी : कायम. अनुकंपा भत्ता : देय पेन्शनच्या दोन तृतीयांश.